सायकल कुणी बनवली आणि कुणी चालवली?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, आज रेडिओ जरा मोठा करा आणि घरातल्या मुलांनाही जवळ बोलवा. आजची गोष्ट मुलांसाठी आहे, पण आयांनी उठून जायचं नाही, कारण शेवटी ती आपल्याच दारात येऊन थांबणार आहे. घरात सायकल असेल तर ती ओसरीवर आणून उभी करा. गंजलेली, चेन पडलेली, हवा गेलेली असली तरी चालेल. सायकल समोर असली की सायकलीचा इतिहास लवकर कळतो.

मुलांनो, पहिला प्रश्न. सायकल कुणी शोधून काढली? परीक्षेत असा प्रश्न आला तर आपण एक नाव लिहितो आणि मोकळे होतो. पण सायकल कुणा एकानं बनवलेलीच नाही. एकानं दोन चाकं एकामागे एक जोडली. दुसऱ्यानं पायडल बसवलं. मग कुणी तारांचे आरे केले, कुणी चेन लावली, कुणी टायरमध्ये हवा भरली. त्यांच्यात जंगलखात्याचा एक अधिकारी होता, बग्ग्या बनवणारे कारागीर होते, शिलाई मशीन बनवणारा होता आणि जनावरांचा डॉक्टरही होता. या सगळ्याला मिळून सत्तर वर्षं लागली. आणि सायकल तयार झाल्यावरसुद्धा एक काम उरलंच होतं. बाईनं तिच्यावर बसायचं. त्या कामाला किती वर्षं लागली, ते शेवटी सांगते.

पायडल नसलेली सायकल

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या मॅनहाइम शहरात. तिथे कार्ल फॉन ड्राइस नावाचा जंगलखात्याचा अधिकारी होता. १२ जून १८१७ या दिवशी तो एक अजब लाकडी गाडी घेऊन रस्त्यावर आला. दोन लाकडी चाकं, एक पुढे, एक मागे. मध्ये लाकडाची दांडी, तिच्यावर बसायला गादी, आणि पुढचं चाक वळवायला एक दांडा. वजन वीस-बावीस किलो. पायडल नाही, चेन नाही. गाडीवर बसायचं आणि पायांनी जमीन मागे रेटत पळत सुटायचं! पण या गाडीवरून ड्राइसनं जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर अंतर तासाभराच्या आत कापलं. चालत गेला असता तर तीन तास लागले असते.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं हे, की त्याआधी गाडी म्हटली की चाकं शेजारी-शेजारी असायची, आपल्या बैलगाडीसारखी. एकामागे एक ठेवली तर गाडी आडवी होणार, हे लहान मुलालाही कळतं. मग ड्राइसची गाडी पडली का नाही?

एक गंमत करून बघा. तळहातावर काठी उभी धरा. काठी डावीकडे कलली की तुम्ही हात डावीकडे नेता, उजवीकडे कलली की उजवीकडे. हात हलता असेल तोवर काठी उभी राहते. सायकलीचं तसंच आहे. सायकल ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हँडल थोडंसं वळवलं की चाकं पुन्हा आपल्या खाली येतात. त्यासाठी सायकल चालती हवी. म्हणून तर ती चालताना पडत नाही आणि थांबली की पाय टेकावा लागतो. दोन चाकांवर तोल सांभाळता येतो, हे ड्राइसनं जगाला दाखवलं. बाकीचं सगळं नंतर आलं.

त्याला ही गाडी सुचली कशी? काही अभ्यासक यामागे दुष्काळ बघतात. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात टांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ आणि वायू आभाळात उंच पसरले आणि जगभर ऊन कमी झालं. पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं बुडाली, धान्य महागलं, घोड्यांना दाणा मिळेना. माणसांना खायला नाही तिथं घोड्यांना कोण पोसणार? अशा वेळी घोड्याशिवाय चालणारी गाडी ड्राइसच्या मनात आली असावी, असं हे अभ्यासक म्हणतात. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वैरणीचा भाव वाढला की दावणीला काय होतं, ते आपण बघितलंय.

ड्राइसची गाडी इंग्लंडात पोचली. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन हा बग्ग्या बनवणारा कारागीर होता. त्यानं तशा गाड्या करून विकल्या, आणि १८१९ मध्ये बायकांसाठी वेगळा नमुना काढला. तिथल्या बायकांचे झगे पायघोळ, घेरदार. मधली दांडी आड आली तर बसणार कसं? म्हणून त्यानं दांडी खाली वाकवली. लेडीज सायकलची नळी खाली असते ना, ती कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

पण ही हौस फार टिकली नाही. रस्ते खडबडीत, गाडी महाग, बूट झिजायचे, आणि फुटपाथवरून गाड्या पळवणाऱ्यांवर लोक वैतागायचे. ड्राइस १८५१ मध्ये गरिबीतच वारला.

पायडल आलं

त्यानंतर बरीच वर्षं गेली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये या गाडीच्या पुढच्या चाकाला पायडल बसवलं गेलं. हे पहिल्यांदा कुणी केलं यावर अजून वाद आहे. कुणी पिअर मिशो या लोहाराचं आणि त्याच्या मुलाचं नाव घेतं, तर कुणी पिअर लालमाँ या कारागिराचं. लालमाँ पुढे अमेरिकेत गेला आणि १८६६ मध्ये त्यानं तिथे पायडलच्या गाडीचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे ‘ही कल्पना माझी’ असा सरकारी कागद.

लहान मुलांची तीनचाकी बघा. तिचं पायडल थेट पुढच्या चाकालाच असतं, ही गाडीही तशीच होती. पाय जमिनीवरून उचलले गेले, ही मोठीच गोष्ट झाली. पण चाकं अजून लाकडाची, आणि त्यांच्यावर बैलगाडीला असते तशी लोखंडी धाव. पॅरिसचे रस्ते दगडी फरशीचे. बसणाऱ्याची काय गत होत असेल! इंग्लंडातल्या लोकांनी या गाडीला नावच ठेवलं, ‘हाडं खिळखिळी करणारी’.

चाक मोठं का झालं?

आता मुलांनो, थोडं गणित. पायडल थेट चाकाला लावलं असेल तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक एकदा फिरलं की गाडी किती पुढे जाते? चाकाचा जेवढा घेर, तेवढी. दोरा घेऊन सायकलीच्या चाकाचा घेर मोजा. मग जमिनीवर खूण करून चाक एक फेरा फिरवा आणि गाडी किती सरकली ते त्याच दोऱ्यानं मोजा. दोन्ही सारखंच येईल.

मग गाडी जोरात न्यायची तर काय करायचं? चाक मोठं करायचं. म्हणून १८७० नंतर पुढचं चाक वाढत वाढत चांगलं दीड मीटर उंचीचं झालं, म्हणजे जवळजवळ बाईच्या उंचीएवढं. मागचं चाक मात्र एवढंसं, नुसतं टेकू द्यायला. दीड मीटर उंच चाकाचा घेर पावणेपाच मीटरच्या आसपास भरतो. पायडलच्या एका फेऱ्यात पावणेपाच मीटर!

अशा सायकलींचं इंग्लंडातलं मोठं केंद्र म्हणजे कॉव्हेंट्री शहर, आणि तिथला मोठा कारागीर जेम्स स्टार्ली. मैत्रिणींनो, हा माणूस आधी शिलाई मशीन बनवायचा. त्याची कंपनीच शिलाई मशीनची होती, आणि १८६९ मध्ये तिनं सायकली बनवायला घेतल्या. बारीक दाते, चक्रं, पायानं चालणारं यंत्र, ही सगळी कारागिरी त्या लोकांच्या हातात आधीपासूनच होती. आपल्या गटातल्या ज्या ताई मशीन स्वतः खोलून, तेल घालून पुन्हा जोडतात, त्यांनी सायकलीला घाबरायचं कारण नाही. दोघी एकाच घरच्या!

एवढं मोठं चाक लाकडाचं केलं तर उचलणार कोण? म्हणून लाकडी आऱ्यांच्या जागी लोखंडी तारा आल्या. बैलगाडीचा आरा जाड असतो, कारण भार त्याच्यावर उभा असतो. सायकलीची तार बोटानं वाकेल एवढी बारीक, मग ती आपला भार कसा पेलते? आपली बाज आठवा. नवार सैल असली तर माणूस खाली लोंबतो, ताणून विणली तर चार माणसं बसतात. सायकलीच्या तारा तशाच ताणून बसवलेल्या असतात. सगळ्या तारा कड्याला मधल्या भागाकडे ओढून धरतात आणि त्या ताणामुळे चाक ताठ राहतं. एक तार तुटली की चाक डुगडुगायला लागतं, ते यामुळेच.

पण या उंच सायकलीवरून पडलं की माणूस थेट डोक्यावर. चाकाखाली दगड आला, ब्रेक जोरात दाबला, की स्वार हँडलवरून पुढे. धडधाकट तरुण पुरुषांचा तो खेळ होता. म्हाताऱ्यांना ती झेपणारी नव्हती, मुलांना नव्हती, पायघोळ झग्यातल्या बायकांना तर नव्हतीच. बायका फार तर तीनचाकी सायकलीवर बसत. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं १८८१ मध्ये स्टार्लीच्या तीनचाकी मागवल्या होत्या. पण तीनचाकी महाग आणि जड. ती घेणार राणी आणि बड्या घरच्या बायका.

चेन आली, चाक लहान झालं

ही अडचण जेम्स स्टार्लीच्या पुतण्यानं सोडवली. त्याचं नाव जॉन केम्प स्टार्ली. १८८५ मध्ये त्यानं ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पायडल मधोमध, आणि मागच्या चाकापर्यंत चेन. समोरच्या सायकलीकडे बघा. ती या रोव्हरचीच नात-पणती आहे.

चेननं काय केलं ते मोजून बघा. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा. मग मागच्या लहान चक्राचे मोजा. समजा पुढे ४४ आले आणि मागे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. मागच्या चाकाला एक रिबन बांधा, चाक उचलून धरा, पायडल हातानं एकदा फिरवा आणि रिबन किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या सायकलीच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका फेऱ्यात गाडी साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाणार. दीड मीटरच्या उंच चाकापेक्षाही जास्त!

आता चाक मोठं ठेवायची गरजच उरली नाही. सीट खाली आली, पाय जमिनीला टेकायला लागले. त्या लोकांनी या सायकलीला ‘सुरक्षित सायकल’ म्हटलं.

एक त्रास उरला होता, हादऱ्यांचा. तो संपवला जॉन बॉइड डनलॉप यानं. हा बेलफास्ट शहरातला जनावरांचा डॉक्टर. त्याच्या लहान मुलाकडे तीनचाकी होती आणि दगडी रस्त्यावर ती फार आदळायची. डनलॉपनं रबराची नळी चाकावर गुंडाळली, तिच्यात हवा भरली, आणि गाडी मऊ पळायला लागली. १८८८ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. खरं तर रॉबर्ट थॉमसन यानं हीच कल्पना १८४५ मध्ये मांडली होती, पण तेव्हा सायकलच नव्हती, त्यामुळे लोक ती विसरून गेले होते.

म्हणजे १८१७ पासून १८८८ पर्यंत सत्तर-एकाहत्तर वर्षांत आपली सायकल तयार झाली.

या टायरची एक काळी बाजूही मुलांना सांगायला हवी. सायकली वाढल्या तशी रबराची मागणी वाढली. रबर म्हणजे झाडाचा, वेलीचा चीक. आफ्रिकेत काँगो नावाचा मुलूख बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यात होता. तिथल्या गावकऱ्यांना मारून-मुटकून जंगलात रबर गोळा करायला पाठवत. पुरुष ठरलेलं रबर आणत नाहीत तोवर त्यांच्या बायकांना ओलीस धरून कोंडून ठेवत. असंख्य माणसं त्यात मेली. तिकडे युरोपात आणि अमेरिकेत सायकलीनं बायकांना मोकळं केलं, त्याच वर्षांत इकडे त्याच रबरापायी दुसऱ्या बायका कोंडल्या गेल्या. कुठलीही वस्तू हातात घेतली की ती कुणाच्या कष्टातून आली, हे विचारायची सवय मुलांना लावावी.

बाई सायकलवर बसली

१८९० नंतर युरोप-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं सायकलवर बसायला लागल्या. आणि लगेच बोलणं सुरू झालं. बाईनं एकटीनं रस्त्यानं जायचं? घेरदार झगा सोडून पायजम्यासारखी विजार घालायची? काही डॉक्टर म्हणाले, सायकलमुळे बाईच्या गर्भाशयाला धोका आहे. काहींनी एक आजारच शोधून काढला, ‘सायकलचा चेहरा’! सायकल चालवून बाईचा चेहरा म्हणे कायमचा ओढलेला आणि कडक होतो. यातलं काही खरं ठरलं नाही. त्या बायकांना मुलंही झाली आणि त्यांचे चेहरेही जागेवर राहिले.

अमेरिकेत किटी नॉक्स नावाची तरुणी होती. शिवणकाम करून पोट भरणारी, वर्णानं काळ्यांपैकी. १८९३ मध्ये ती तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेची सभासद झाली. पुढच्याच वर्षी संघटनेनं नियम केला, सभासद फक्त गोरेच. किटी मागे हटली नाही. १८९५ मध्ये ती संघटनेच्या मेळाव्याला गेली, सभासदाचं कार्ड दाखवलं, आणि तिथे सायकल चालवली. तिनं घातलेला सायकलचा पोशाख तिचा स्वतःचा शिवलेला असायचा. त्या पोशाखासाठी तिला बक्षीसही मिळालं होतं.

तिथल्याच बोस्टन शहरातून अ‍ॅनी नावाची, तीन मुलांची आई १८९४ मध्ये सायकल घेऊन जगाच्या प्रवासाला निघाली आणि १८९५ मध्ये परत आली. बराचसा प्रवास तिनं बोटीतून केला, पण घर सोडून ती निघाली, हेच तेव्हा लोकांना नवल होतं. बायकांच्या मताच्या हक्कासाठी आयुष्यभर झगडलेल्या सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये एका बाईच मुलाखत घेत असताना सांगितलं होतं, की बाईला मोकळं करण्याचं काम सायकलीइतकं दुसऱ्या कशानंच केलेलं नाही.

आपल्याकडे सायकल आली तेव्हा

आपल्या भागातही सायकल लवकर आली. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी बेळगावात सायकलीचं दुकान सुरू केलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, चालवायला शिकवायची. त्यातूनच पुढे त्यांनी वैरण कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. याच घराण्यातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं, ते आपल्या आज्या-पणज्यांनी वाचलेलं आहे. सायकलीच्या दुकानापासून नांगरापर्यंत आणि नांगरापासून बायकांच्या मासिकापर्यंत, असा तो प्रवास.

तेव्हा सायकली परदेशातून यायच्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात कारखाने वाढले. सोनीपतची ‘अ‍ॅटलस’ १९५१ मध्ये सुरू झाली, लुधियानाची ‘हिरो’ १९५६ मध्ये. मग सायकल गावागावांत पोचली. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, पाववाला, सगळे सायकलवर. पुण्याला तर सायकलींचं शहरच म्हणायचे.

पण गावातल्या बाईजवळ ती कशी आली? आजींना विचारा, त्या सांगतील. लग्नाच्या याद्या व्हायच्या तेव्हा मुलाकडचे मागायचे, घड्याळ, रेडिओ आणि सायकल. मुलीच्या बापानं कर्ज काढून सायकल घ्यायची. ती सायकल मुलीच्या नावानं सासरी जायची, जावई तिच्यावर फिरायचा, आणि मुलगी फार तर मागच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची. तीसुद्धा गावाबाहेर गेल्यावर! सायकल घरात आली, पण बाईच्या हातात हँडल आलं नाही.

ते हातात घेतलं तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या बायकांनी. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की बाईला अक्षर आलं पण घराबाहेर जायला साधन नाही, तर ती अडकूनच राहते. म्हणून सायकल शिकवणं हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर बायका, खाणीवर दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई, शिक्षिका, हजारोंनी सायकल शिकल्या. सायकल घ्यायला बँकेकडून कर्जाची सोय झाली. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहीजणी तर म्हणाल्या, हीच बरी, पुढच्या नळीवर मूल बसवता येतं! सुरुवातीला पुरुष टोमणे मारायचे. बाजाराला भाजी घेऊन जाणं, पाणी आणणं, मुलाला दवाखान्यात नेणं, हे सगळं सायकलवरून लवकर होतं हे दिसलं, तेव्हा टोमणे कमी झाले.

आता हिशोब करा. लंडनच्या कारागिरानं १८१९ मध्ये बायकांसाठी गाडी बनवली, आणि खेड्यातल्या कष्टकरी बायका अशा हजारोंनी सायकलवर बसल्या १९९० नंतर. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. यंत्र तयार करायला सत्तर वर्षं पुरली. ‘बस’ म्हणायला किती लागली बघा.

मुलीची सायकल मुलीकडेच का?

बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी त्याची तपासणी केली. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली होती. ज्या मुलींची शाळा लांब होती, त्यांना जास्त फायदा झाला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

सातवीपर्यंतची शाळा गावात असते, आठवीला शेजारच्या गावात जावं लागतं, आणि मुलीचं नाव तिथेच थांबतं. समजा हायस्कूल चार किलोमीटरवर आहे. चालत एक तास, सायकलनं वीस मिनिटं. जाता-येता मिळून रोजची ऐंशी मिनिटं वाचली. आठवड्याचे सहा दिवस धरले तर आठ तास. मैत्रिणींनो, आठ तास म्हणजे आपल्या मजुरीचा एक अख्खा दिवस! तेवढा वेळ त्या पोरीला अभ्यासाला मिळतो. आणि अंधार पडायच्या आत ती घरी असते.

म्हणून माझं एक मागणं आहे. शाळेतून मुलीला मिळालेली सायकल दूध घालायला भाऊ नेतो, रानात बाप नेतो, आणि मुलगी पुन्हा पायी. असं आपल्या घरात होत असेल तर आज रात्री जेवताना त्यावर बोला. कामाला सायकल लागते हे मान्य. मग शाळेची वेळ सोडून वापरा. शाळेच्या वेळेला ती मुलीचीच. गटातून आपण शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. मुलीच्या सायकलीसाठी कुणी अर्ज केला तर ‘ही काय गरज आहे का’ असं म्हणू नका.

आणि आपण स्वतः? तिशी-चाळिशीत सायकल शिकता येते का? येते. जशी सायकल घडली, त्याच क्रमानं शिकायची. आधी ड्राइससारखं. सायकलवाल्याकडून दोन्ही पायडल काढून घ्या. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील. शाळेच्या मैदानात सकाळी लवकर जा. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या चेनपासून लांब ठेवा. सलवार-कमीज असेल तर ओढणी मागे गाठ मारून बांधा. आता पायानं जमीन रेटत चाला. नजर पायाकडे नको, समोर ठेवा. सायकल कलेल तिकडे हँडल थोडं वळवा. हळूहळू पावलं लांब टाका आणि दोन्ही पाय क्षणभर उचलून बघा. ज्या दिवशी पाय वर ठेवून दहा-बारा पावलांचं अंतर जाता येईल, त्या दिवशी तोल आला समजा. मग पायडल परत लावा. ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून नीट असू द्या, आणि दोन्ही ब्रेक एकदम हलके दाबायची सवय करा. हवा कमी असेल तर सायकल जड चालते, म्हणून आधी हवा मारून घ्या. कुणी हसलं तर हसू द्या. ड्राइसलाही लोक हसलेच होते.

मुलांनो, तुमच्यासाठी घरचा अभ्यास. समोरच्या सायकलीचे दोन्हीकडचे दाते मोजा, भागाकार करा आणि वहीत लिहा. मग तीच वही घेऊन घरातल्या प्रत्येक बाईला विचारा, आईला, आजीला, काकूला, आत्याला, की तुला सायकल येते का? येत असेल तर कुणी शिकवली? येत नसेल तर का नाही? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या वह्या घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू.

आणि ज्या ताई मैदानात उतरतील, त्यांनी मलाही निरोप द्या. सायकल धरायला मी येते.